परवानगी कुणाची?

जमीन माझी, पैसा माझा, राहणारा मी. मग घर बांधायला परवानगी दुसऱ्याची कशाला? हा प्रश्न आपल्याकडे गावोगाव, रोज कुठे ना कुठे विचारला जातो. बहुधा तो प्रश्न म्हणून विचारला जात नाही, कुरकूर म्हणून विचारला जातो. नगरपालिकेच्या जिन्यावर, तलाठ्याच्या दारात, वास्तुशिल्पज्ञाच्या बाकावर तो ऐकू येतो आणि ऐकणारा मान डोलावून मोकळा होतो. कुरकुरीला उत्तर नको असते, सोबत हवी असते. मला मात्र तो प्रश्न खरा वाटतो, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही असेही वाटते. 'कायदा आहे म्हणून' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. कायदा का असावा, हेच तर विचारले जात आहे.

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, वडिलोपार्जित जागेवर लहानसे घर बांधण्यासाठी मी असा अर्ज केला. अर्ज आता संगणकावरून जातो, पण त्याच्या मागे लागणारी कागदांची वरात जुनीच आहे: मालकीचा उतारा, मोजणीचा नकाशा, बिनशेतीचा दाखला, कर भरल्याची पावती, आणि ज्यावर आपले सगळे स्वप्न निळ्या-तांबड्या रेघांत मावलेले असते तो घराचा आराखडा. मग प्रारंभ प्रमाणपत्र, मग जोत्याची तपासणी, आणि सगळे बांधून झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र. प्रत्येक टप्प्यावर थांबावे लागते. थांबलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक चिडण्याची, दुसरी विचार करण्याची. पहिली वाट मीही पुष्कळ चाललो. दुसरीवर जे सापडले ते येथे मांडतो.

मालकीची आपली कल्पना शेतावरून आलेली आहे. बांधाच्या आत मी ज्वारी पेरीन नाहीतर कापूस लावीन. पलीकडच्याचा त्यात संबंध काय? पण शेतातसुद्धा ही कल्पना पुरती टिकत नाही. बांधावरच्या बाभळीची सावली शेजारच्या पिकावर पडते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी न बोलणारी घराणी आपण पाहिलेली आहेत. बाभूळ ज्याची, जमीन ज्याची, त्याचीच. सावली मात्र त्याच्या जमिनीवर थांबत नाही. घराचे तर याहून अधिक. भिंतीला दोन बाजू असतात. आतली बाजू बांधणाऱ्याची. बाहेरची बाजू ज्याच्या वाट्याला येते त्याने ती बांधलेली नसते, मागितलेली नसते, पण तिच्यासमोर त्याला जन्म काढायचा असतो. आणि पीक एका हंगामाचे असते, घर तीन पिढ्यांचे.

मुंबईला हे फार महागात कळले. १८९६ साली तेथे प्लेग आला, आणि दोन वर्षांनी, १८९८ साली, शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खेटून उभ्या असलेल्या, दिवसाही दिवा लावावा लागणाऱ्या चाळींसमोर या ट्रस्टने पुढे एक विलक्षण साधा नियम ठेवला. खालच्या खोलीतून आकाशाकडे साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेषा काढायची आणि समोरच्या इमारतीने ती छेदता कामा नये. ढोबळ हिशेबाने, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्मे अंतर मधे मोकळे हवे. प्लेग पसरतो तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळे. अंधार हे त्याचे खरे कारण नव्हते, आणि त्या काळच्या समजुतीत बरेच अपुरे होते. तरी नियम टिकण्याजोगा होता, कारण त्यातली मूळ गोष्ट रोगापुरती नव्हती. तळमजल्यावरच्या भाडेकरूला आकाशाचा एक तुकडा दिसावा, आणि तो त्याने मागण्याची वेळ येऊ नये, हे त्या कोनाने कबूल केले होते.

दिवाणी कायद्याने हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मान्य केली आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे एखाद्या खिडकीतून वीस वर्षे विनातक्रार उजेड आणि वारा येत राहिला, तर तो उजेड त्या घराचा हक्क होतो. पण हा हक्क मिळण्यासाठी आधी वीस वर्षे जावी लागतात, आणि तो बजावण्यासाठी नंतर कोर्टात आणखी किती जावी लागतील ते सांगवत नाही. बांधकामाची परवानगी म्हणजे, माझ्या मते, त्या भांडणाला भिंत उभी राहण्यापूर्वीच तोंड देण्याची रीत. कागदावरची भिंत खोडरबराने मागे सरकते. विटांची सरकत नाही.

ही सारी पाश्चात्त्यांची देणगी, असे मात्र कुणी म्हणू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांच्या वादांचे प्रकरण आहे. दोन घरांमध्ये किती जागा सोडावी, सांडपाणी कुठे न्यावे, उजेडासाठी खिडकी कशी असावी, याचा तेथे बारकाईने विचार आहे आणि नियम मोडणाऱ्याला दंड आहे. पण त्याच प्रकरणात कौटिल्य आणखी एक गोष्ट सांगतो: घरमालकांनी आपापसांत मिळून ठरवले तर हवे तसे बांधावे, मात्र अनिष्ट ते टाळावे. म्हणजे परवानगी शेजाऱ्याची, मर्यादा अनिष्टाची.

बृहत्संहितेत तर वराहमिहिर याहून दूर जातो. लाकडासाठी झाड तोडण्यापूर्वी त्या झाडावर वस्ती करून असलेल्या भूतांना बळी अर्पण करावा, आणि कृपा करून दुसरीकडे राहायला जा, आम्हांला क्षमा करा, असे विनवावे, असा विधी तेथे आहे. भूमिपूजनात नि वास्तुशांतीत हाच भाव अजून शिल्लक आहे. आपण कुणाला तरी हलवून येथे राहायला येत आहोत, ही जाणीव फार मोठी आहे आणि ती आपल्यापाशी होती याचा मला अभिमान वाटतो. पण एक प्रश्न पडतो. त्या झाडावरच्या भूतांना 'नाही' म्हणण्याची काय सोय होती? विनंती झाली, नमस्कार झाला, आणि कुऱ्हाड चालली. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडून घेतलेली परवानगी ही परवानगी नसते, शिष्टाचार असतो.

आता कार्यालयाकडे पाहा. तेथे बसलेल्या अभियंत्याला नकार देता येतो. पण माझ्या घराने त्याचे काही बिघडत नाही. त्याची खिडकी दुसऱ्या गल्लीत असते. म्हणजे विधीत आपण अशाला विचारतो ज्याला नकार देता येत नाही, आणि कार्यालयात अशाला विचारतो ज्याला झळ लागत नाही. झळ लागते तो शेजारी. मग कौटिल्य म्हणतो तसे शेजाऱ्यालाच विचारून का मोकळे होऊ नये?

माझ्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. वडिलांना जिना चढवत नव्हता. त्यांच्यासाठी तळमजल्यावर एक खोली हवी होती. ती खोली पलंग, खुर्ची आणि चाकाची खुर्ची वळेल एवढी करायची, तर पूर्वेकडे सोडायच्या दीड मीटरमधला बराचसा भाग आत घ्यावा लागत होता. पूर्वेला शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी होती. मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "बांध रे बाबा. भाऊंसाठीच बांधतोयस ना? माझी कसली हरकत? मला आता किती दिवस त्या खिडकीशी उभं राहायचंय?" पाहिजे तर लिहून देते म्हणाल्या. अभियंत्याने ते ऐकून घेतले आणि सामासिक अंतर सोडावेच लागेल असे सांगितले.

त्या दिवशी मला तो माणूस यंत्रासारखा वाटला. एका म्हाताऱ्या माणसाची गरज आणि दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचे औदार्य, या दोन्हींना डावलून एक आकडा जिंकला होता. पण काकूंचे वाक्य मनातून जाईना. 'मला आता किती दिवस?' या वाक्यात त्यांची सगळी माया होती, आणि अभियंत्याचे सगळे म्हणणेही त्यातच होते. काकू त्यांच्या वाट्याचा उजेड मला देऊ शकत होत्या. त्यांच्यानंतर त्या स्वयंपाकघरात जी सून, जी भाडेकरीण, जी कुणी अनोळखी बाई उभी राहील, तिच्या वाट्याचा उजेड देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आणि शेजाऱ्याची संमती नेहमी मायेपोटीच मिळते असेही नाही. ती भिडेपोटी मिळते, दहशतीपोटी मिळते, उसन्या पैशांच्या ओझ्याखाली मिळते. ज्या गावात एकाच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, तेथे त्या एकाला सगळ्या शेजाऱ्यांची संमती विनासायास मिळेल. शिवाय त्या दीड मीटरमध्ये शेजारी एकटाच नसतो. आग लागली तर आत शिरणारा माणूस तेथून जायचा असतो. नदीकाठच्या घराचा शेजारी तर खाली पाच कोसांवरचे गाव असते. पूररेषा आखताना पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा विचारात घेतात. शंभर वर्षांचा पूर पाहायला आजचा कोण राहणार? त्या पुरात सापडणाऱ्याच्या वतीने आज 'नाही' कोण म्हणणार?

माझ्या मते कार्यालयाचे समर्थन एवढेच आणि येथेच आहे. जे हजर नाहीत, जे बोलू शकत नाहीत, जे अजून जन्मलेले नाहीत, त्यांचा नकार तेथे सांभाळून ठेवलेला असतो. परवानगी देणारा अधिकारी त्या नकाराचा मालक नाही, विश्वस्त आहे. आपण अर्जात 'मेहेरबान साहेब' लिहितो तेव्हा आपली चूक होते, आणि तो आपली मेहेरबानी समजून सही करतो तेव्हा त्याचीही चूक होते. मेहेरबानी दोघांचीही नाही.

एकदा हे मान्य केले की लाचेचा अर्थ बदलतो. आपण लाचेला जास्तीची फी समजतो. घेणारा लोभी आणि देणारा अगतिक, एवढाच तिचा हिशेब मांडतो. मलाही एका मध्यस्थाने सुचवले होते, "दीड मीटरचं काय घेऊन बसलात, ते बघून घेऊ." त्याच्या दृष्टीने या व्यवहारात दोन पक्ष होते, मी आणि कार्यालय. पण विकले काय जाणार होते? कार्यालयाच्या मालकीचे त्यात काही नव्हते. विकला जाणार होता पूर्वेकडचा उजेड, आणि ज्याचा तो होता तो माणूस त्या खोलीत बोलावलेलाच नव्हता. वेळेवर काम व्हावे म्हणून दिलेली लाच आणि नियमाबाहेरचे काम व्हावे म्हणून दिलेली लाच, यांत म्हणूनच फरक आहे. पहिलीत देणारा लुबाडला जातो. दुसरीत देणारा आणि घेणारा मिळून तिसऱ्याला लुबाडतात. वडिलांची खोली लहान झाली. दार सरकते केले, कपाट भिंतीत घेतले, तेव्हा खुर्ची कशीबशी वळू लागली. ती वळताना भिंतीला घासते आणि प्रत्येक वेळी मला ऐकू येते. नियम योग्य होता म्हणून तो टोचत नाही, असे मी म्हणणार नाही.

विश्वस्ताची गोष्ट काढली की त्याच्या कर्तव्याचीही काढली पाहिजे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने ते कर्तव्य लिहून ठेवले आहे. परवानगी नाकारली किंवा तिला अटी घातल्या तर त्याची कारणे आदेशात द्यावी लागतात, आणि त्यावर अपील करता येते. साठ दिवसांत काहीच कळवले नाही, आणि आराखडा नियमांना धरून असेल, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. मौन म्हणजे संमती ही म्हण येथे सरकारला लावली आहे, आणि ती लावणे न्याय्य आहे. अर्जदाराला विचारण्याचे बंधन असेल तर कार्यालयाला उत्तर देण्याचे बंधन हवे. प्रत्यक्षात मात्र एकोणसाठाव्या दिवशी एखादी त्रुटी कळवून गाडे पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या कलमाचे फार कौतुक सांगण्यात अर्थ नाही. २०२० साली आलेल्या एकत्रिकृत नियमावलीने तर दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील साध्या घरांपुरते विचारणेच हलके केले. परवानाधारक तज्ज्ञामार्फत नकाशा सादर केला, शुल्क भरले, की ती पावती हीच परवानगी. लहान माणसाचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. पण नकार सांभाळण्याचे ओझे आता त्या तज्ज्ञाच्या खांद्यावर गेले आहे, आणि त्याचा मेहनताना घर बांधणाराच देतो, हे आपण विसरू नये.

याहून अवघड प्रश्न पुढेच आहे. ज्याने विचारलेच नाही त्याचे काय? २००१ साली राज्याने गुंठेवारीचा कायदा केला. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकत घेऊन त्यांवर विनापरवानगी उभी राहिलेली वस्ती, ठरावीक तारखेपूर्वीची असेल तर, शुल्क घेऊन नियमित करायची. ती तारीख होती १ जानेवारी २००१. २०२१ साली ती पुढे ढकलून ३१ डिसेंबर २०२० केली गेली. मधे २०१७ साली मूळ नगररचना कायद्यातच, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या अनधिकृत बांधकामांना दंड आणि शुल्क भरून मान्य करण्याची वाट निघाली. ज्याने दीड मीटर सोडले, ज्याने साठ दिवस वाट पाहिली, तो हे वाचून म्हणणारच, की मग मी मूर्ख ठरलो की काय?

या तक्रारीत तथ्य आहे, पण ती करण्यापूर्वी गुंठेवारीत कोण राहतो हे पाहायला हवे. शहराने ज्याच्या हातांचा उपयोग केला आणि ज्याच्यासाठी एकही भूखंड त्याच्या ऐपतीत ठेवला नाही, त्याने मिळेल तेथे गुंठा घेतला. परवानगी मागायला आधी निर्वेध मालकीचा कागद लागतो, आणि तो कागद ज्याला परवडत नाही त्याला विचारण्याचा दरवाजाच नसतो. अशा माणसाला 'तू विचारले का नाहीस' म्हणणे क्रूरपणाचे आहे. पण ज्याला दरवाजा होता आणि ज्याने तो टाळला, तो वेगळा. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली. वरचे मजले चढत असतानाच खाली लोक राहायला आले होते. ७४ माणसे गेली. तेथे राहणारा पहिल्या प्रकारचा होता, बांधणारा दुसऱ्या. मुंबईत वरळीच्या कॅम्पाकोला वसाहतीत मंजुरीहून कितीतरी अधिक मजले चढले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पाडायला सांगितले तेव्हा बांधणारे केव्हाच पैसे घेऊन निघून गेलेले होते. दारात उभे होते ते राहणारे. एकाच तारखेची, एकाच दराची माफी या दोघांना एका मापाने मोजते. मला तिच्यातला दोष येथे दिसतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. शेजाऱ्याचा उजेड गेला आणि शुल्क शासनाच्या तिजोरीत जमा झाले, तर क्षमा कुणी केली आणि कुणाच्या वतीने? माफीच्या पैशातून त्या वस्तीला रस्ता मिळाला, गटार मिळाले, आग विझवणाऱ्या गाडीला वाट मिळाली, तर काही अंशी तरी परतफेड झाली असे म्हणता येईल. नुसता शिक्का मिळाला, तर विश्वस्ताने ठेव विकली एवढेच घडले.

येथवर आल्यावर परवानगीचे माहात्म्य फार झाले असे वाटेल, म्हणून उलट बाजूही मांडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे स्वतःच्या घरांखाली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. त्यांत कुणी कुणाला फसवले नव्हते. उन्हाळ्यात थंड राहणारी, बापजाद्यांनी जशी बांधली तशीच बांधलेली, शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच मदतीने उभी केलेली घरे. सगळ्यांची संमती होती, फक्त जमिनीखाली काय आहे याचे ज्ञान नव्हते. तेव्हा परवानगीने नुसता नकार सांभाळून भागत नाही; तिने जाणत्याचे चार शब्दही बांधणाऱ्यापर्यंत नेले पाहिजेत. आज किती कार्यालये अर्जदाराला काही शिकवून परत पाठवतात? आणि कागद असला म्हणजे घर उभे राहील असेही नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला जेमतेम दहा वर्षांची पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. सिमेंटात वाळू किती होती ते नकाशाला कळत नाही. बांधणाऱ्याच्या मनात जो दीड मीटर नाही तो कागदावर कितीदाही काढला तरी जमिनीवर उतरत नाही.

म्हणून विचारून बांधणारा मूर्ख ठरतो का, याचे माझे उत्तर असे आहे. परवानगीला त्याने सौदा समजले असेल, 'मी नियम पाळीन, मला लाभ व्हावा' अशा हिशेबाने, तर तो फसला. या सौद्यात विचारणाऱ्याला तोटाच अधिक येतो. पण ती त्याने भावी शेजाऱ्याला दिलेला शब्द समजली असेल, तर दुसऱ्याने शब्द दिला नाही म्हणून याचा शब्द खोटा होत नाही. विचारणे ही सरकारपुढची नम्रता नव्हे. आपण येथे एकटे नाही, आणि आपल्या भिंतीची बाहेरची बाजू आपली नाही, एवढे ओळखणे म्हणजे विचारणे.

व्यवहाराचे एकच सुचवतो. बांधकामाच्या जागी एक फलक लावावा लागतो. त्यावर मालकाचे नाव, भूखंडाचा क्रमांक, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, आणि मंजूर नकाशा कुठे पाहायला मिळेल ते लिहायचे असते. आपण तो फलक कधी वाचत नाही. तो रस्त्याकडे तोंड करून लावायचा असतो, म्हणजे तो जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी असतो. ज्यांच्या वतीने परवानगी दिली गेली त्यांना ती कळावी म्हणून. तो वाचावा, आणि शंका आली तर नकाशा मागावा. अर्ज करणारा विचारतो आणि कार्यालय उत्तर देते, एवढ्यावर हे पुरे होत नाही. ज्यांच्या उजेडाची गोष्ट आहे त्यांनीही कधीतरी विचारले पाहिजे.